एक घाव दोन तुकडे, की घोळत घोळत?

पाचर (धागाकर्ता)

निर्णय घेण्यावरून माणसांची दोन गटांत वाटणी करायची आपल्याला सवयच लागली आहे. एक तडकाफडकीवाले, मनात आलं की केलं. दुसरे थंड डोक्याचे, त्यांना आनंदाची बातमी द्या नाहीतर संकटाची, आधी 'बघू' म्हणणार. पहिल्यांचं चुकलं की 'तरी सांगत होतो' म्हणायला दहाजण टपलेले असतात. दुसऱ्यांचं चुकलं तर 'एवढा विचार करूनही असं व्हावं!' म्हणून खापर नशिबावर फुटतं. ही वाटणी मला खटकते, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधी मांडतो, मग तुम्ही झोडपा.

उतावळ्याला 'अजून काही ठरलेलं नाही' ही अवस्था सोसत नाही, म्हणून तो काहीतरी ठरवून मोकळा होतो. निर्विकार म्हणवणाऱ्याला बऱ्याचदा 'ठरवलं आणि चुकलं' ही अवस्था सोसत नाही, म्हणून तो ठरवायचंच टाळतो. दोघंही समोरच्या प्रश्नाकडे कमी आणि स्वतःच्या पोटातल्या गोळ्याकडे जास्त बघत असतात. फरक इतकाच, की एकाचा गोळा सगळ्यांना दिसतो आणि दुसऱ्याच्या गोळ्याला लोक विवेक म्हणतात.

१९६० च्या दशकात जेरोम केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मुलांसाठी एक चाचणी वापरली. वर एक चित्र, खाली जवळजवळ तशीच सहा चित्रं. त्यातलं एकच हुबेहूब, बाकीच्यांत कुठेतरी बारीकसा फरक. मुलाने जुळणारं चित्र दाखवायचं. पहिलं उत्तर द्यायला किती वेळ लागला आणि चुका किती झाल्या, एवढंच मोजायचं. त्यावरून घाईने चुकणारी मुलं आणि सावकाश बरोबर येणारी मुलं असे दोन गट पडले आणि पुढे चर्चा मुख्यतः त्यांचीच झाली. पण वेळ आणि चुका अशी दोन मापं घेतली की कप्पे चार पडतात. पटकन आणि बरोबर असणारी मुलं होती. सावकाश आणि तरीही चूक, अशीही होती. हा चौथा कप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मोठेपणी त्यातली माणसं विचारी म्हणून खपून जातात.

पुढे १९९० मध्ये स्कॉट डिकमन यांनी उतावीळपणाचेही दोन प्रकार वेगळे काढले. एक कामाचा आणि एक घातक. कमी विचार करून झटकन वागण्याने जिथे फायदा होतो तिथे झटकन वागणारे वेगळे आणि जिथे तोटा होतो तिथेही तसंच वागणारे वेगळे. हे दोन गुण एकमेकांशी फारसे बांधलेले नाहीत, असं त्यांना दिसलं. म्हणजे 'तो उतावळा आहे' एवढ्यावरून तो कुठे आपटेल याचा अंदाज बांधता येत नाही.

आता दुसरं टोक. भावना पूर्ण बाजूला ठेवल्या की निर्णय चांगले होतात, असं आपण धरून चालतो. मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दमासिओ यांच्याकडे एक रुग्ण होता. कपाळामागच्या मेंदूच्या भागाला इजा झालेली, पण बुद्धी शाबूत. तो एकदा बर्फाळ रस्त्यावरून गाडी चालवत तपासणीला आला. पुढची गाडी घसरून फिरलेली त्याने पाहिली. पण तो घाबरला नाही, त्याने ब्रेक दाबला नाही, शांतपणे पार झाला. निर्विकारपणाचा याहून चांगला नमुना कुठला? पण लगेचच्या भेटीत पुढची तारीख ठरवायची वेळ आली. डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या, मध्ये फक्त काही दिवसांचं अंतर. या गृहस्थांनी डायरी काढली आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूने आणि विरुद्ध कारणं मांडत बसले. आधीची कामं, नंतरची कामं, त्या दिवशी हवा कशी असेल. शेवटी दमासिओंनीच सांगितलं, दुसऱ्या तारखेला या. त्यावर तो लगेच 'ठीक आहे' म्हणाला, डायरी खिशात घातली आणि गेला.

'आता पुरे' असं आतून सांगणारं काहीतरी लागतं आणि ते तर्कातून येत नाही. त्याला ते कुणीच सांगत नव्हतं. भावना काढून टाकली तर तराजू राहतो, पण काटा कुठे थांबला हे ठरवणारा उरत नाही.

तुमचं मत काय? आणि 'स्वभावाला औषध नाही' एवढंच लिहून पळू नका.

ठिणगी

पाचरभाऊ, तुमच्या चौथ्या कप्प्यातल्या माणसाशी माझं लग्न झालंय. (हलकेच घ्या. तो हा धागा वाचतो.)

कपडे धुवायचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला बघून म्हणाला, आता याच्यात काही राम नाही, नवीन घ्या. मी म्हटलं, चल, आज जाऊन घेऊन येऊ. नवऱ्याने तक्ता केला. पाण्याचा वापर, विजेचा वापर, ड्रम कशाचा, आवाज किती, हमी किती वर्षांची. मग परीक्षणं वाचली. मग परीक्षणं लिहिणाऱ्यांपैकी खरे किती यावर वाचलं. दर रविवारी एक नवा रकाना वाढायचा. त्याचा चेहरा एकदम प्रसन्न! माझ्या चेहऱ्यावर आठ्या. येणारा-जाणारा मला सांगायचा, 'किती शांत आहे गं तो, तू जरा घाईच करतेस.'

या सगळ्या काळात घरातल्या चादरी मी हाताने पिळत होते. चादर ओली झाली की कसली जड होते, हे त्याच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. त्याचा संयम माझ्या मनगटांवर चालला होता.

तेव्हा माझा मुद्दा असा, की कोण शांत आणि कोण उतावळं हे बघायच्या आधी थांबण्याची किंमत कोण मोजतंय ते बघा. ज्याला थांबायला काहीच पडत नाही तो शांत असणारच की! ऑफिसातही तेच. वरचा साहेब 'घाई नको, सगळ्या बाजूंनी बघू' म्हणतो आणि खालचे लोक दोन्ही शक्यता धरून दुप्पट काम करत बसतात.

जुनं खोड

ठिणगीताई, दंडवत! चादरीचा मुद्दा बिनतोड आहे.

पाचर, तुमच्या लेखात एक गोष्ट निसटली. भावना असणं आणि तिच्या हाती लगाम देणं यात अंतर आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ ला झाली. त्यानंतर शत्रूपक्षाचे जनरल ली यांचं सैन्य नदी ओलांडून निसटलं. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे सेनापती जनरल मीड यांनी पाठलाग करून त्यांना गाठलं नाही म्हणून लिंकन संतापले आणि १४ जुलैला त्यांनी मीडना पत्र लिहिलं. पत्र काही मुळमुळीत नाही. शत्रू तुमच्या मुठीत होता, आता युद्ध लांबणार, मला अपार दुःख झालंय, असं सगळं त्यात आहे. मग ते पाकिटात घातलं आणि वर नोंद केली, की हे पाठवलं नाही आणि यावर सही केली नाही.

या माणसाला उतावळा म्हणायचं की निर्विकार? राग पूर्ण आला, तो शब्दांत पूर्ण उतरला, फक्त टपालात पडला नाही. मीडना त्या पत्राने काय शिकवलं असतं? ली तर केव्हाच पार झाले होते, झालं ते बदलणार नव्हतं. आणि ज्या सेनापतीला अजून कामावर ठेवायचंय त्याला असं पत्र पाठवून फक्त लिहिणाऱ्याचं डोकं हलकं होतं.

हल्ली लिहिणं आणि पाठवणं यांतलं अंतर अंगठ्याच्या एका टिचकीवर आलंय. मी तापलेला असलो की मेल लिहितो, पण 'प्रति'ची जागा रिकामी ठेवतो. पत्ताच नाही तर चुकून जाणार कुठे?

रातकिडा

मी रुग्णालयात तातडीच्या विभागात, रात्रपाळीला. आमच्याबद्दल लोक म्हणतात की यांचं काळीज दगडाचं झालंय. म्हणून थोडं आतलं सांगते.

हृदय बंद पडलेला रुग्ण आला की खोलीत कुणी विचार करताना दिसणार नाही. एकजण छाती दाबतो. एकजण श्वासाकडे बघतो. एकजण फक्त घड्याळ आणि कागद सांभाळतो आणि वेळ मोठ्याने ओरडून सांगतो. दर दोन मिनिटांनी दाब थांबवून पडद्यावर ठोके बघायचे, दाबणारा बदलायचा. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दर ३ ते ५ मिनिटांनी. प्रमुख डॉक्टर शक्यतो कशालाही हात लावत नाही, पायथ्याशी उभा राहतो, कारण हात कामात गुंतले की नजर तेवढ्यापुरती होते.

आता हे उतावळं काम आहे की थंड? वेग बघाल तर पहिलं, चेहरे बघाल तर दुसरं. खरं म्हणजे त्या खोलीत फार थोडे निर्णय होतात. बहुतेक कधीच झालेले असतात, कुणीतरी शांतपणे बसून, वाद घालून, कागदावर आणलेले. आम्ही ते पाठ करतो आणि पुतळ्यावर घोटून घेतो. म्हणून माझ्यासारखी भडक डोक्याची बाई तिथे चालून जाते. स्वभाव तिथे दारातच ठेवावा लागतो.

स्वभाव बाहेर येतो तो नंतर, बाकावर बसलेल्या नातेवाइकांसमोर. 'अजून प्रयत्न करायचे का?' याचा तक्ता कुणी भिंतीवर लावलेला नसतो. तिथे मी पाहिलंय, की आल्या आल्या 'सगळं करा, काय वाट्टेल ते करा' म्हणणारा मुलगा आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणारा मुलगा, दोघांनाही आईला नक्की काय हवं होतं हे माहीत नसतं. ते एखाद्या निवांत दुपारी विचारायचं राहून गेलेलं असतं.

आकडेमोड

छान चाललाय धागा, अजून भांडणांत भरकटलेला नाही. थोडे आकडे टाकतो.

१) ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी एका मोठ्या अमेरिकन दलालाकडची ६६,४६५ कुटुंबांची शेअर-खाती तपासली, १९९१ ते १९९६ या काळातली. सर्वाधिक खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला सरासरी ११.४ टक्के मिळाले, त्याच काळात बाजाराने १७.९ टक्के दिले. उतावळ्यांच्या पाठीवर वळ.

२) पण थांबा. याच ओडीन यांनी दुसऱ्या अभ्यासात दाखवलं, की लोक वाढलेले शेअर्स लवकर विकतात आणि पडलेले धरून ठेवतात. पडलेला शेअर धरून बसलेला माणूस बाहेरून किती संयमी दिसतो! 'मी दीर्घकाळाचा गुंतवणूकदार आहे' वगैरे. आत मात्र विकलं तर तोटा खरा होईल ही धास्ती. हे पाचरच्या पोटातल्या गोळ्याशी जुळतं.

३) फुटबॉलमधली पेनल्टी किक. इस्रायली संशोधकांनी २८६ किक्स तपासल्या (२००७). गोलरक्षक ९० टक्क्यांहून जास्त वेळा डावीकडे किंवा उजवीकडे झेपावले. आकड्यांप्रमाणे मध्ये उभं राहणं जास्त फायद्याचं होतं. मग झेपावतात का? मध्ये उभं राहून गोल खाल्ला तर हा काही करतच नव्हता असं दिसतं. झेपावून खाल्ला तर निदान प्रयत्न केला. म्हणजे बघणारे असले की थंड माणसालाही उडी मारावी लागते. ठिणगीताईंनी किंमत कोण मोजतो ते विचारलं, मी म्हणतो प्रेक्षक कोण आहेत तेही बघा.

सुईदोरा

तीनही मुद्दे आवडले, वाचनखूण साठवली. एक भर घालते.

उतावीळपणा ही एकच गोष्ट धरून चर्चा चाललीय. २००१ मध्ये व्हाइटसाइड आणि लायनम यांनी त्याचे चार धागे सोडवले होते. मन बिघडलं की घाईने काहीतरी करून बसणं हा एक. आधी विचारच न करणं हा दुसरा. हाती घेतलेलं कंटाळून सोडणं हा तिसरा आणि थराराची ओढ हा चौथा. एकाच माणसात चारही असतील असं नाही.

मी समुपदेशनाचं काम करते, तिथे याचा रोज उपयोग होतो. 'मी फार उतावीळ आहे' म्हणत आलेल्या माणसाला मी विचारते, कधी? बऱ्याचदा असं निघतं, की आनंदात, कंटाळ्यात, एरवीच्या दिवसांत तो नीट विचार करतो. अपमान झाला की मात्र तासाभरात काहीतरी निर्णायक करायचं असतं. नातं तोडायचं, गट सोडायचा, राजीनामा खरडायचा. त्याला 'यादी करा, फायदे-तोटे लिहा' हा सल्ला देऊन उपयोग नाही. यादी तो छान करतो, पण रागात करतो, म्हणजे तोट्यांचा रकाना आपोआप भरतो. त्याच्या बाबतीत अपमान आणि कृती यांच्या मध्ये झोप गेली तरी बरंच काम होतं. थराराची ओढ असलेल्याला झोपेने काही फरक पडत नाही, तो सकाळी उठून तेवढ्याच उत्साहात उडी मारतो.

निर्विकारपणाचेही असेच धागे सोडवायला हवेत. काहीजण खरोखर शांत असतात. काहीजण सुन्न असतात, मोठा धक्का बसून गेलेला असतो आणि घरचे कौतुक करतात की किती सावरला! काहीजणांना त्या प्रश्नाशी देणंघेणंच नसतं. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल आपण सगळेच स्थितप्रज्ञ असतो.

पाचर (धागाकर्ता)

सुईदोरा, शेवटचं वाक्य जबरदस्त. स्थितप्रज्ञ हा शब्द कधीतरी येणार हे ठाऊक होतं. आपण तो 'काहीच न करणारा' अशा अर्थाने वापरून वापरून गुळगुळीत केलाय. अर्जुनाला तो उपदेश ऐकून शेवटी लढायचंच होतं, रथातून उतरून घरी जायचं नव्हतं.

रातकिडा, तुमच्या प्रतिसादाने माझ्या मांडणीत बदल करावा लागतोय. मी वेग आणि भावना एकाच पट्टीवर ठेवले होते. तुमच्या खोलीत वेग आहे आणि विचारही आहे, फक्त विचार आधी उरकलेला आहे. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ एकमेकांच्या विरुद्ध मताचे म्हणून ओळखले जायचे. क्लाइन अग्निशमन दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांचे झटपट निर्णय अभ्यासून अंतःप्रेरणेची बाजू घेणारे, कानमन तिच्या चुका दाखवणारे. २००९ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं, की झटक्यात आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवायला दोन अटी हव्यात. परिस्थितीत काही नियमितपणा हवा आणि चूक-बरोबर कळून शिकायची पुरेशी संधी मिळालेली हवी. आगीत आणि तुमच्या विभागात त्या बऱ्याच अंशी असतात. लग्न, नोकरी, भागीदारी यांत असतात का? आयुष्यात एक-दोनदा करायची गोष्ट. तिथे 'माझं मन मला बरोबर सांगतं' म्हणणाऱ्याने मनाला हे कधी शिकवलं, ते विचारावं लागेल.

वाचनमात्र

एरवी नुसता वाचतो, आज विचारतोच. नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करायचा विचार बऱ्याच काळापासून घोळतोय. तक्तेबिक्ते सगळे झाले, दोन्ही बाजू सारख्याच येतात. मी विचारी की घाबरट, हे कसं ओळखायचं?

आकडेमोड

वाचनमात्र, तुमच्यासारख्यांवरच एक प्रयोग झालाय. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एक संकेतस्थळ काढलं. मोठ्या निर्णयावर अडकलेल्या लोकांनी यायचं, प्रश्न लिहायचा आणि नाणं उडवायचं. छापा आला तर बदल करायचा, काटा आला तर आहे ते चालू ठेवायचं. पाळायची सक्ती नव्हती, पण वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं आणि बऱ्याच जणांनी ऐकलंही. मोठ्या निर्णयांच्या बाबतीत, सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा बदल केलेले लोक न केलेल्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. नाण्याने सांगितलं म्हणून बदल केलेलेसुद्धा.

वाचनमात्र

म्हणजे सोडू?

सुईदोरा

आकडेमोड, जरा दमानं. त्या प्रयोगात आले कोण? जे आधीच इतके अडकले होते, की नाण्याला विचारायची पाळी आली. समाधान त्यांनी स्वतःच सांगितलेलं. ज्याला कालच साहेब बोलले म्हणून आज नोकरी सोडायचीय त्याच्याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही. असा माणूस नाणं उडवायला थांबतच नाही.

वाचनमात्र, विचारी की घाबरट हे सोडा. मला दोन गोष्टी सांगा. गेल्या काही दिवसांत तुमच्या तक्त्यात एखादी नवी माहिती आली का, की तीच कारणं तुम्ही पुन्हा पुन्हा मांडताय? आणि सोडलीत तर परत याच प्रकारची नोकरी मिळू शकेल का?

वाचनमात्र

पहिल्याचं उत्तर, नाही. खूप दिवसांत काही नवीन नाही. दुसऱ्याचं, मिळेल, पगार थोडा कमी असेल.

ठिणगी

मग दमासिओंच्या त्या रुग्णासारखी कुणीतरी तारीख सांगायची वाट बघताय, झालं! आणि घरी विचारलंत का, तुमच्या या घोळण्यात चादरी कोण पिळतंय ते?